साम्राज्य गेले, भाषा उरली: स्पॅनिश वारशाच्या समर्थनाचा आढावा

१८९८च्या डिसेंबरात पॅरिसला तह झाला आणि क्युबा, प्वेर्तो रिको, ग्वाम व फिलिपिन्स स्पेनच्या हातून गेले. अमेरिका खंडातला मुख्य मुलूख त्याआधी पाऊणशे वर्षे स्वतंत्र झालेला होता. आता साम्राज्य म्हणवून घेण्याजोगे फारसे काही शिल्लक राहिले नाही. अमेरिकेसारख्या तरुण राष्ट्राने काही महिन्यांत धूळ चारल्यामुळे माद्रिदच्या विचारवंतांना पडलेला प्रश्न निव्वळ लष्करी नव्हता. राज्य गेल्यावर स्पेन म्हणून काय उरते? कॅस्टिलपासून चिलीपर्यंत एक भाषा बोलणाऱ्या माणसांत भाषेपलीकडे काही सामाईक आहे का? आणि असेल, तर ते तलवारीने लादलेले की लोकांनी आपलेसे केलेले? गेली सव्वाशे वर्षे स्पॅनिश जगात या प्रश्नांवर लिहिले जात आहे आणि त्यावरची भांडणे अजून मिटलेली नाहीत. या काळात वारशाची बाजू मांडणाऱ्यांचे युक्तिवाद शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर त्यांत दोन तट स्पष्ट दिसतात. वारसा आणि साम्राज्य यांची फारकत करणारे समर्थन पुराव्याला उतरते. साम्राज्याची अब्रू सावरायला निघालेले समर्थन मात्र ज्या वारशासाठी उभे राहते, त्यालाच कात्री लावते. हे दोन्ही तट एकाच विद्वानाच्या आयुष्यभराच्या कामात सापडतात, म्हणून आढाव्याची सुरुवात त्याच्यापासून करणे सोयीचे.

रामोन मेनेंदेस पिदाल यांचा जन्म १८६९चा. शंभरीला काही महिने कमी असताना, १९६८ साली ते वारले. स्पॅनिश भाषेचा इतिहास, मध्ययुगीन महाकाव्ये आणि लोकगीते यांच्या अभ्यासाचा पाया त्यांनी घातला. १९०० साली लग्न झाल्यावर ते पत्नी मारिया गोयरी यांच्यासह एल सिद या मध्ययुगीन वीराच्या महाकाव्यातल्या वाटेने फिरायला निघाले. गोयरी स्वतः साहित्याच्या जाणकार अभ्यासक होत्या. बुर्गो दे ओस्मा या गावी धुणे धुणाऱ्या एका बाईच्या तोंडून त्यांनी एक ‘रोमान्से’ ऐकला. रोमान्से म्हणजे आपल्या पोवाड्यासारखे प्रसंग सांगणारे गीत, फक्त डफ-तुणतुण्याच्या फडाऐवजी घरात, शेतात, पाणवठ्यावर गायले जाणारे. बाई जे गात होती त्यात एका तरुण राजपुत्राच्या मरणाची हकिगत होती. ऐकता ऐकता गोयरींच्या लक्षात आले की हा १४९७ साली वारलेला राजपुत्र हुआन, कॅथलिक राजाराणी फर्दिनांद आणि इसाबेला यांचा मुलगा. कॅस्टिलमधली रोमान्सेची मौखिक परंपरा केव्हाच संपली, असे तोवर विद्वान धरून चालले होते. इथे चारशे वर्षे जुनी घटना एका कष्टकरी बाईच्या कंठात जिवंत होती. त्यानंतर दोघांनी हा शोध जन्मभर चालवला. पेरू आणि एक्वादोर यांच्या सीमातंट्याच्या कामासाठी मेनेंदेस पिदाल दक्षिण अमेरिकेत गेले, तेव्हा तिथेही त्यांनी रोमान्से गोळा केले. मोरोक्कोत आणि बाल्कन प्रदेशात राहणाऱ्या स्पॅनिशभाषी ज्यूंकडची गीते मिळवून १९०६-०७ मध्ये त्यांची सूची प्रसिद्ध केली.

या शेवटच्या पुराव्यापाशी जरा थांबायला हवे. या ज्यूंच्या पूर्वजांना ज्या राजाराणीने १४९२ साली देशाबाहेर काढले, त्यांच्याच मुलाच्या आणि त्यांच्या काळच्या सरदारांच्या कथा सालोनिकाच्या नि तान्जेरच्या घराघरांत आया मुलींना शिकवत राहिल्या. त्यांना तसे करायला कोणी फर्मावले नव्हते. स्पेनच्या राज्याचा त्यांच्यावर अंमल नव्हता, शाळा नव्हत्या, छापखान्याचा आधारही नव्हता. म्हणजे सामाईक वारसा हा निव्वळ सत्तेचा परिणाम असतो, हे म्हणणे इथे लागू पडत नाही. मेनेंदेस पिदाल यांनी यातून जो सिद्धान्त काढला तोही तितकाच महत्त्वाचा आहे. रोमान्सेची एक मूळ शुद्ध प्रत आणि बाकीच्या भ्रष्ट, असे त्यांनी मानले नाही. परंपरा पाठभेदांतून जगते, गाणारा प्रत्येक जण ती थोडी बदलतो आणि त्या अर्थाने तिचा सहकर्ता असतो, असे त्यांनी मांडले. हे म्हणणे शेवटपर्यंत नेले तर सामाईक अस्मितेचा मालक कोणी एक राहत नाही. बुर्गो दे ओस्माच्या बाईचा पाठ खरा आणि सालोनिकाच्या बाईचा उसना, असे म्हणण्याला आधारच उरत नाही. स्पॅनिश वारशाचे याहून भक्कम समर्थन नंतर कोणी केले असेल असे वाटत नाही.

मात्र हा सिद्धान्त शेवटपर्यंत नेणे खुद्द मेनेंदेस पिदाल यांना जमले नाही. १९२९ साली आलेल्या त्यांच्या ‘सिदचा स्पेन’ या ग्रंथात कॅस्टिल हाच राष्ट्राचा कणा ठरतो आणि सिद हा राष्ट्रीय गुणांचा पुतळा होतो. खरा सिद काही वर्षे सारागोसाच्या मुस्लिम राजाच्या पदरी होता, हेही त्याच ग्रंथात सप्रमाण आलेले आहे. पण ग्रंथाचा एकूण सूर एकसंध स्पेनचा. यादवी युद्धानंतर फ्रँकोच्या राजवटीने तेवढाच सूर उचलला आणि पुरावा बाजूला ठेवला. स्वतः मेनेंदेस पिदाल त्या राजवटीच्या मर्जीतले नव्हते. त्यांनी उभे केलेले ऐतिहासिक अभ्यास केंद्र मोडीत निघाले आणि स्पॅनिश भाषेच्या अकादमीचे संचालकपदही काही वर्षे त्यांच्याकडे राहिले नाही. १९४७ साली लिहिलेल्या दीर्घ प्रस्तावनेत त्यांनी एकमेकांना संपवू पाहणाऱ्या ‘दोन स्पेन’च्या समेटाची गरज मांडली. तसल्या काळात हे धाडसच होते.

स्पेन एकसंध की मिश्र, हा वाद त्यांच्या केंद्रात घडलेल्या दोन विद्वानांनी पुढे टोकाला नेला. दोघेही प्रजासत्ताकाच्या बाजूचे आणि दोघेही परागंदा. आमेरिको कास्त्रो यांनी १९४८ साली ब्युनोस आयरेसमधून ‘इतिहासातला स्पेन: ख्रिस्ती, मूर आणि ज्यू’ हा ग्रंथ काढला. रोमन किंवा गॉथ लोकांत स्पॅनिश माणूस शोधू नका, ७११ नंतर तीन धर्मांच्या लोकांनी एकत्र राहून आणि एकमेकांशी झगडून तो घडवला, असे त्यांचे म्हणणे. क्लाउदियो सांचेस-आल्बोर्नोस यांनी १९५६ साली दोन जाडजूड खंडांत त्याला उत्तर दिले. स्पॅनिश स्वभाव इस्लामच्या आधीपासून आहे, अरबांचा प्रभाव वरवरचा आणि ज्यूंचा त्याहून कमी, असा त्यांचा दावा. आजचे इतिहासकार दोघांनाही पूर्णपणे मानत नाहीत. कास्त्रो यांच्या ‘सहजीवनात’ हिंसा फार झाकली जाते, आणि सांचेस-आल्बोर्नोस यांचा शतकानुशतके न बदलणारा ‘स्वभाव’ इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. तरी वाङ्मयीन पुराव्याचे पारडे कास्त्रो यांच्या बाजूला झुकते. स्पॅनिश साहित्याचा मुकुटमणी म्हणून ‘दोन किहोते’चे नाव घेतले जाते. १६०५च्या या पुस्तकाच्या नवव्या प्रकरणात निवेदक सांगतो की पुढची कथा त्याला तोलेदोच्या बाजारात अरबी लिपीतल्या वह्यांत सापडली. लेखक सीदे हामेते बेनेन्हेली नावाचा अरब इतिहासकार. भाषांतर करणारा एक मोरिस्को, म्हणजे धर्मांतरित मुसलमान, आणि त्याची मजुरी दोन आरोबा मनुका व दोन फानेगा गहू. ही अर्थात खरा लेखक सर्व्हान्तेस याची थट्टा. पण चारच वर्षांनी, १६०९ पासून, राजाने मोरिस्कोंना लाखांच्या संख्येने देशाबाहेर घालवले, हे ध्यानात घेतले की थट्टेची धार कळते. राज्य ज्यांना परके ठरवत होते, त्यांच्याच हाती लेखकाने आपल्या कथेचा उगम दिला होता.

याच वारशाचे राज्यधोरण झाले की काय होते, ते ‘हिस्पानिदाद’च्या, म्हणजे स्पॅनिश जगाच्या एकत्वाच्या कल्पनेच्या, इतिहासात दिसते. रामिरो दे माएस्तू यांनी १९३४ साली ‘हिस्पानिदादचे समर्थन’ हे पुस्तक लिहिले. स्पेन आणि अमेरिका यांना जोडणारा धागा वंशाचा नाही, कॅथलिक धर्माचा आणि त्यातून आलेल्या मानवी समतेच्या कल्पनेचा आहे, असा त्यांचा विचार. वंशाला नकार देणारा म्हणून तो त्या काळात काहीसा वेगळाही होता. पण धर्म हाच धागा म्हटल्यावर ज्यू, मोरिस्को, उदारमतवादी, नास्तिक सगळे कुटुंबाबाहेर पडतात. १९३६च्या ऑक्टोबरात माएस्तू यांना प्रजासत्ताकाच्या बाजूच्या लोकांनी ठार केले. फ्रँकोने त्यांच्या विचाराला सरकारी मखरात बसवले आणि १२ ऑक्टोबरचा ‘वंशदिन’ १९५८ साली ‘हिस्पानिदाद दिन’ झाला. जगाला आपल्या सामाईक वारशाचे गोडवे ऐकवणाऱ्या त्याच राजवटीने घरात कातालान, बास्क आणि गालिसियन भाषांना शाळा-कचेरीतून हद्दपार केले. त्याच १९३६ सालच्या १२ ऑक्टोबरला सालामांका विद्यापीठाचे कुलगुरू, विचारवंत मिगेल दे उनामुनो तिथल्या समारंभात फ्रँकोच्या बाजूचे जनरल मियान आस्त्राय यांच्याशी भिडले. उनामुनोंच्या तोंडी घातलेले शब्द नेमके कोणते होते, यावर वाद आहे. त्या समारंभात कातालान आणि बास्क लोकांची निंदा झाली, बिल्बाओत जन्मलेल्या या कुलगुरूने तिचा प्रतिवाद केला आणि त्याचे पद गेले, याबद्दल दुमत नाही. १९७८च्या राज्यघटनेने देशातल्या भाषावैविध्याला सांस्कृतिक ठेवा म्हटले, तेव्हा उनामुनोंची बाजू कायद्यात आली.

आता सर्वांत अवघड भागाकडे. अमेरिकेतल्या विजयाचे काय? १९१४ साली हुलियान हुदेरियास यांनी ‘काळी दंतकथा’ हा शब्दप्रयोग रूढ केला. इंग्रज, डच आणि प्रॉटेस्टंट लेखकांनी स्पेनला जाणूनबुजून क्रूर आणि मागासलेला रंगवले, अशी त्यांची तक्रार होती. तिच्यात तथ्य आहे. स्पॅनिश धर्मगुरू बार्तोलोमे दे लास कासास यांनी विजयातल्या अत्याचारांवर लिहिलेल्या पुस्तकाच्या परदेशी आवृत्त्या थिओडोर द ब्राय यांच्या भीषण चित्रांसह युरोपभर फिरल्या, आणि त्या वाचणाऱ्या देशांनी आपापल्या वसाहतींत काय केले याची झडती इतक्या कडकपणे झाली नाही. पण हा पुरावा मुळात आला कुठून? १५११ साली सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये स्पॅनिश जमीनदारांना तोंडावर जाब विचारणारा आन्तोनियो दे मोन्तेसिनोस स्पॅनिश धर्मगुरू होता. १५३९ साली सालामांकात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया यांनी पोपला किंवा सम्राटाला हे मुलूख वाटून देण्याचा अधिकार नाही, असे व्याख्यान दिले. १५५०-५१ मध्ये वायादोलिदला लास कासास आणि विजयाचे समर्थक सेपुल्वेदा यांचा विजयाच्या न्याय्यतेवर वाद झाला, आणि लास कासास यांचे ते पुस्तक १५५२ साली सेव्हिलमध्येच छापले गेले. विजेत्या सत्तेच्या पोटातून, विजय चालू असताना, इतकी मूलगामी टीका उठल्याची उदाहरणे इतिहासात फार थोडी आहेत.

आणि इथेच मेनेंदेस पिदाल घसरले. १९६३ साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी लास कासास यांच्यावर पुस्तक लिहून त्यांना मनोविकृत ठरवले. लास कासास यांचे आकडे फुगवलेले आहेत, हा आक्षेप रास्त होता. आफ्रिकन गुलाम आणण्याची सूचना त्यांनी एकेकाळी केली होती, हेही खरे, जरी पुढे त्यांना तिचा पश्चात्ताप झाला. मूळ रहिवाशांची लोकसंख्या कोसळली ती मुख्यतः साथीच्या रोगांनी, हेही आज सर्वमान्य आहे. पण वेठबिगारीने आणि उपासमारीने त्या रोगांचे काम सोपे केले आणि वेठबिगारीचा साक्षीदार खोटा नव्हता. मेनेंदेस पिदाल स्पेनची बाजू घेऊ गेले आणि त्या भरात स्पेनच्या सर्वांत धीट आवाजाला वेड्यात काढून बसले. धुणे धुणाऱ्या बाईचा पाठ आदराने टिपून घेणाऱ्याला धर्मगुरूचा पाठभेद मात्र सहन झाला नाही. साम्राज्य निर्दोष ठरवायचे तर वारशातला असा काही भाग खोडावाच लागतो.

यावर मूळ रहिवाशांच्या बाजूने येणारा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. सामाईक कशाला म्हणता? १५६२ साली युकातानमध्ये दिएगो दे लान्दा यांनी माया पोथ्या जाळल्या. बेर्नार्दिनो दे साआगून यांनी त्लातेलोल्कोच्या नाहुआ विद्यार्थ्यांच्या मदतीने मेक्सिकोच्या जीवनाचा 12 भागांचा ज्ञानकोश नाहुआत्ल आणि स्पॅनिश अशा दोन स्तंभांत सिद्ध केला. १५७७ साली फिलिप दुसरा याने ते लिखाण जप्त करण्याची आज्ञा केली. जगासमोर ते आले ते फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात पडून राहिलेल्या हस्तलिखितामुळे. १७७० साली कार्लोस तिसरा याने तर मूळ भाषा नामशेष व्हाव्यात असेच फर्मान काढले. हा विरोधाभास आपल्यालाही अगदी अपरिचित नाही. १५८० ते १६४० पोर्तुगालसह गोवाही फिलिप दुसरा याच्या हाब्सबर्ग घराण्याच्या मुकुटाखाली होते. त्याच काळात, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत छापले गेले, आणि पुढे पोर्तुगाल पुन्हा स्वतंत्र झाल्यावर १६८४ साली तिथल्या व्हाइसरॉयने कोकणीवर बंदीचा हुकूम काढला. मिशनऱ्याने भाषा शिकायची आणि सरकारने ती बुडवायची, हा प्रकार इबेरियन सत्तांत सगळीकडे दिसतो. पेरूचे विचारवंत मारियातेगी १९२८ साली लिहून गेले की इंडियन लोकांचा, म्हणजे मूळ रहिवाशांचा, प्रश्न शेवटी जमिनीचा आहे. संस्कृतीच्या सामाईकतेची भाषणे त्याचे उत्तर होऊ शकत नाहीत, आणि हे मान्यच केले पाहिजे.

मान्य केल्यावर वारसा मोडतो का, हा पुढचा प्रश्न. या आक्षेपाने ‘दोन संस्कृतींची सुखद भेट’ ही कथा मोडते, आणि ती मोडावीच. पण ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी काय केले, हेही पाहावे लागते. आन्देसमधल्या ग्वामान पोमा यांनी १६१५च्या सुमारास राजाला उद्देशून सुमारे बाराशे पानांचे गाऱ्हाणे लिहिले. स्पॅनिशमध्ये, मध्ये मध्ये केचुआ घालून, सोबत जवळजवळ 400 चित्रे काढून. १९०८ साली ते कोपनहेगनला सापडले. इन्का राजघराण्यातल्या स्त्रीच्या पोटी कुझ्कोत जन्मलेल्या इन्का गार्सिलासो यांनी १६०९ साली आपल्या आईच्या लोकांचा इतिहास प्रौढ कॅस्टिलियन गद्यात लिहिला. दुसऱ्या तुपाक आमारूच्या बंडानंतर स्पेनच्या दरबारानेच त्या पुस्तकावर बंदी घातली. फिलिपिन्सच्या होसे रिसाल यांनी १८८७ साली स्पॅनिश राजवटीवर कोरडे ओढणारी कादंबरी स्पॅनिशमध्येच लिहिली, आणि १८९६ साली त्याच राजवटीने त्यांना गोळ्या घातल्या. भाषा लादली गेली, तिचा वापर मात्र लादणाऱ्याच्या हातात राहिला नाही. त्यामुळे लादणे क्षम्य ठरत नाही. पण ज्यांनी रक्त आटवून ही भाषा आपली केली, त्यांच्या कमाईवर स्पेनच्या राजाचे नाव कोरण्याचे कारणही उरत नाही.

स्वतंत्र झालेल्या अमेरिकेने हेच सिद्ध केले. काराकासचे आन्द्रेस बेयो यांनी १८४७ साली चिलीत अमेरिकनांसाठी स्पॅनिश व्याकरण लिहिले. राजाशी नाते तोडलेल्या देशांनी एकमेकांशी बोलणे तोडू नये, ही त्यामागची काळजी. निकाराग्वाच्या रुबेन दारिओ यांच्यापासून तर प्रवाह उलटाच वाहू लागला आणि स्पेनचे कवी अमेरिकेकडून शिकले. १९३९ नंतर प्रजासत्ताकाचे हजारो निर्वासित मेक्सिकोत गेले. त्यांच्या विद्वानांसाठी काढलेल्या संस्थेतून पुढे ‘कोलेहियो दे मेहिको’ उभे राहिले. माद्रिदमध्ये जे छापणे अशक्य होते ते मेक्सिको आणि ब्युनोस आयरेसमध्ये छापले गेले. कास्त्रो आणि सांचेस-आल्बोर्नोस यांचे वर उल्लेखिलेले दोन्ही ग्रंथ त्यांतलेच. १९९२ साली, कोलंबसाच्या सफरीच्या पाचशेव्या वर्षी, मेक्सिकोचे कादंबरीकार कार्लोस फुएन्तेस यांनी ‘पुरलेला आरसा’ या पुस्तकात या सगळ्याची सांगड घातली. राजकारणात आणि अर्थकारणात पुन्हा पुन्हा अपयश आलेल्या या समाजांना सांस्कृतिक सातत्य मात्र टिकवता आले, आणि त्या सातत्यात इंडियन, अरब, ज्यू, आफ्रिकन सगळे आहेत, असा त्यांचा युक्तिवाद. रोमान्सेच्या सिद्धान्ताचा हा पाठभेदच म्हणता येईल.

गेल्या दशकात मात्र वारे पुन्हा फिरले. एल्विरा रोका बारेआ यांचे ‘इम्पेरियोफोबिया’ (२०१६) स्पेनमध्ये तडाखेबंद खपले. रोम, रशिया, अमेरिका आणि स्पेन यांच्याबद्दलचा द्वेष बड्या सत्तेच्या मत्सरातून येतो, असे त्या म्हणतात. २०१९ साली होसे लुईस बियाकान्यास यांनी ‘इम्पेरियोफिलिया’ लिहून ग्रंथाची झाडाझडती घेतली. स्पेनविरुद्धच्या पूर्वग्रहालाही इतिहास आहे, एवढे रोका बारेआ यांचे म्हणणे बरोबर. पण शेजाऱ्याचा पूर्वग्रह उघडा पाडल्याने आपल्या घरचा हिशेब चोख ठरत नाही. त्याच वर्षी मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी राजा फेलिपे सहावे यांना पत्र लिहून विजयाबद्दल माफी मागण्याची मागणी केली, आणि स्पेन सरकारने ती ठामपणे फेटाळली. हे पत्र राष्ट्राध्यक्षांनी स्वतःलाच पाठवायला हवे होते, असे पेरूचे कादंबरीकार मारिओ व्हार्गास योसा म्हणाले. स्वातंत्र्याला दोनशे वर्षे होऊनही मेक्सिकोतले इंडियन गरीब का, हा त्यांचा सवाल. टोला अर्धा खरा आहे. मूळ भाषांना मागे रेटण्याचे काम प्रजासत्ताकांनीही जोमाने केले. पण वारसा सामाईक म्हणायचा आणि जबाबदारी आली की ती एकट्याच्या गळ्यात घालायची, हे न्यायाचे नव्हे.

एक आक्षेप उरतो. हाकललेला ज्यू, बंदी घातलेला इन्का, बंडखोर फिलिपिनो, सगळेच वारशात घेतले तर ‘स्पॅनिश’ या शब्दाला अर्थ काय राहिला? उत्तर असे की हे सगळे परस्परांशी वाद घालतात तो एकाच वाङ्मयात, एकमेकांना वाचून. लास कासासशिवाय फुएन्तेस संभवत नाहीत, रोमान्सेशिवाय कवी लोर्का नाही. सामाईकपणा मतैक्यातून येत नाही, एका दीर्घ वादात सामील असण्यातून येतो. आज सुमारे 50 कोटी लोकांची ही मातृभाषा आहे, आणि त्यांतला दहांत एकही धड स्पेनमध्ये राहत नाही. सगळ्या देशांच्या अकादम्यांनी मिळून २००९ साली नवे व्याकरण काढले, तेव्हा माद्रिदची मालकी संपल्याची ती एका अर्थी अधिकृत कबुलीच होती. पुढची पायरी अजून बाकी आहे. पॅराग्वेने १९९२च्या राज्यघटनेत ग्वारानीला स्पॅनिशच्या बरोबरीने बसवले. बोलिव्हियाने २००९ साली मूळ रहिवाशांच्या 36 भाषांना अधिकृत दर्जा दिला. कागदावरचा हा दर्जा शाळेत, कोर्टात आणि छापखान्यात किती उतरतो, यावर स्पॅनिश वारसा खरोखर सामाईक आहे की नाही ते ठरेल. त्याची बाजू घेणाऱ्यांनी साम्राज्याचे वकीलपत्र सोडून या कामाचे घ्यावे. मेनेंदेस पिदाल यांनी पाठभेदांबद्दल जे सिद्ध केले, त्यातून निघणारा निष्कर्ष हाच आहे.